फ्यूज खिशात ठेवणारे अण्णा

मुरुम या गावी मी ज्यांच्या घरात तीन वर्षं भाड्यानं राहिले ते अण्णा बाहेर पडताना चष्मा विसरत, पिशवी विसरत, काकूंनी सांगितलेला निम्मा बाजार विसरत. पण विजेच्या कामाला हात लावण्याआधी मीटरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घालायला ते कधी विसरले नाहीत. साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन खटका खाली, मग फ्यूज बाहेर, मग फ्यूज खिशात. बल्ब बदलून झाला की तो फ्यूज परत जागेवर लावायचा असतो, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे.

राहायला गेले त्याच आठवड्यात मला हा प्रसाद मिळाला. एप्रिल महिना, मी कॉलेजातून घामाघूम होऊन आलेली, आणि सगळ्या गल्लीत पंखे फिरत असताना आमच्याच घरात सामसूम. काकू उंबऱ्यात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. "फ्यूज बाजाराला गेलाय," त्या म्हणाल्या. मला वाटलं, दुरुस्तीला नेला असेल. दीड तासानं अण्णा आले. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली, वांगी काढली आणि सदऱ्याच्या खिशातून फ्यूज काढला. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नवी भाडेकरू असूनही मी फाडकन बोलले, की माणसांनी काय अंधारात मरायचं का? अण्णांनी फ्यूज लावला, खटका वर केला, पंखा फिरलेला बघितला आणि शांतपणे म्हणाले, "अंधारानं कुणी मेल्यालं म्या बघितलं न्हाय म्याडम. उजेडानं मेल्याली बघितल्यात."

हे वाक्य ते येईल त्याला ऐकवतात, असं काकूंनी नंतर सांगितलं. मला तेव्हा ते नुसतं टाळ्या घ्यायला पाठ केलेलं वाक्य वाटलं होतं.

अण्णा वीज खात्यात लाईनमन होते. उभा जन्म खांबावर चढण्यात गेला, आणि निवृत्तीनंतरही नजर काही खाली उतरली नाही. रस्त्यानं जाताना ते वर तारांकडे बघत चालत. त्यापायी दोनदा गटारात पडले, एकदा भर बाजारात एका म्हशीला जाऊन धडकले, आणि तिन्ही वेळा तारेचा झोळ किती वाढलाय हे सांगतच उठले. पत्तासुद्धा खांबांवरून सांगायचे. पोस्ट कुठं आहे असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "हितनं सातवा खांब. तारेखालचा चिनी मातीचा कप फुटल्याला हाय बगा त्याचा. त्याच्या बुडाशी पोस्ट."

आणि उलटा हात. कुठल्याही अनोळखी वस्तूला अण्णा आधी उलट्या हातानं शिवत. दाराची कडी, पाण्याची मोटार, दुसऱ्याच्या घरचा तांब्या, काही असो. तळहातानं धरलं तर वीज मूठ आवळून ठेवते, उलटा हात लावला तर झटकून टाकते, हे त्यामागचं शास्त्र. आमच्या प्राचार्यांनी एकदा हस्तांदोलनाला हात पुढं केला, तर अण्णांनी आधी त्यांच्या बोटांना उलटा हात लावून पाहिला आणि मगच तो धरला. मी त्या कॉलेजात ग्रंथपाल. पुढं महिनाभर प्राचार्य मला विचारत होते, की तुमचे घरमालक बरे आहेत ना?

असा सावध माणूस. त्यामुळं दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात त्यांनी जे घरी आणलं ते बघून मी चाटच पडले.

टेम्पोतून ते उतरलं तेव्हा मला ते मोडकं कपाट वाटलं. माणसाच्या उंचीचं लाकडी खोकं. वरच्या अंगाला काच, मध्ये पुढं आलेल्या फळीवर एक दांडा आणि दोन बटणं, खाली नाणं टाकायची फट. एष्टी स्टँडामागं पूर्वी व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथलं हे मशीन. विमानाचा गेम. दुकान बंद पडल्यावर ते कुणाच्या तरी परड्यात गेलं आणि त्यात कोंबड्या राहायला लागल्या. अण्णांनी मागची फळी काढली तर आतून पिसं निघाली, आणि एक अंडं. आमच्या काकू लिंगवंतांच्या. जन्मात घरात अंडं आलेलं नाही. "अय्यो, देवरे!" करून त्या ज्या आत पळाल्या, त्या गोमूत्राचा तांब्या घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी मशीनवर सपासप शिंपडायला सुरुवात केली आणि अण्णा दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले. "लाकडावर टाक, लाकडावर! आतल्या तारांच्या पाटीवर टाकलंस तर तुझं न् माझं संपलं!"

कशाला आणलं, याचं उत्तर त्यांनी ना काकूंना दिलं ना मला. "चालू करायचंय," एवढंच.

आता खरी गंमत अशी, की या माणसाला अकरा हजार व्होल्टची लाईन पाठ होती आणि नखाएवढ्या भागांबद्दल ओ की ठो माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी ते त्या नाजूक तारांकडे हातभर लांबीची पक्कड घेऊन गेले. डाग द्यायची विजेची सळई त्यांनी उमरग्याहून आणली आणि पहिल्याच डागात बटणाची तार बटणासकट जाळली. पण हार मानतील तर अण्णा कसले. त्यांनी मला धरलं. "तुमचं काम पुस्तकं वाचायचं. ह्याचं पुस्तक हुडका." मी इंटरनेटवरून इंग्रजी माहितीपत्रकं काढून मराठीत वाचून दाखवायची आणि त्यांनी वहीत उतरवायचं, असं सुरू झालं. वही मी एकदा उघडून बघितली. त्यांनी त्या सगळ्या मशीनचा गावच्या लाईनसारखा नकाशा काढला होता. वीज येते ते सबस्टेशन. ती कमी करणारी पेटी म्हणजे डीपी. तिथून निघणारी प्रत्येक तार म्हणजे एक फीडर, आणि तिच्या प्रत्येक जोडाला खांब म्हणून नंबर. त्यांनी खरोखरच पांढऱ्या रंगाच्या बारक्या ठिपक्यांनी तारांवर नंबर टाकले होते. बिघाड सापडेना, की चष्मा लावून पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत बोट फिरवत जायचं. त्याला ते गस्त म्हणत. हसू येण्याजोगी गोष्ट होती, पण त्या गस्तीत त्यांनी उंदरानं कुरतडलेली तार शोधली, गंजलेला जोड शोधला, आणि दिवाळीपर्यंत मशीनच्या आतून गुरगुर ऐकू यायला लागली. काच मात्र काळीच.

म्हणजे दोष पिक्चर ट्यूबकडे होता. आणि तिथंच आमचं वाजलं.

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की वीज तोडल्यावरही या ट्यूबमध्ये भार साठून राहतो, कधी कधी कित्येक दिवस; तो जमिनीत उतरवल्याशिवाय हात लावू नये. मी ते दोनदा वाचलं. अण्णा हसले. "म्याडम, फ्यूज खिशात असल्यावर वीज येणार कुठनं? वीज काय पापड हाय, डब्यात भरून ठिवायला?"

"इथं लिहिलंय ना पण."

"अकरा हजाराच्या लाईनवर आमी जमिनीला जोडल्याली साखळी टाकतो, मग हात लावतो. ह्या कोंबड्याच्या खुराड्याला कसली साखळी?"

मी चिडले, वही मिटली आणि दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला हाक मारली. मीटरच्या पेटीतला फ्यूज काढला आणि प्रथमच तो स्वतःच्या खिशात न घालता माझ्या हातात दिला. "तुमाला भ्या वाटतंय न्हवं? मग हा तुमी धरा. अंगणात हुबं ऱ्हावा. म्या हाक मारल्याबिगर हलायचं न्हाय. कुणी म्हनलं, देव आला, तरी न्हाय."

त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. मी फ्यूज मुठीत धरून अंगणात उभी राहिले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. अण्णांची पाठ दिसत होती, मशीनच्या पोटात वाकलेली. मी परत एकदा म्हणणार होते, की नका लावू हात. शब्द तोंडाशी आले होते. पण दोन दिवसांचा राग अजून ओसरला नव्हता. म्हटलं, बघू दे एकदा यांचं शहाणपण. हे मी आज लिहितेय तेव्हाही मला स्वतःची लाज वाटते.

फट्ट असा आवाज झाला. मोठा नव्हता. मग पक्कड फरशीवर पडल्याचा आवाज, मग ज्वारीच्या पत्र्याच्या पिंपाचा दणका. मी धावले. अण्णा पिंपाला टेकून बसले होते, चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि ते उजव्या हाताकडे बघत होते. बोटं मिटवत होते, उघडत होते. काकू धावत आल्या आणि त्यांना गदागदा हलवायला लागल्या. ते काकूंकडे बघेचनात.

"फ्यूज कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्या हातात."

"दावा."

मी मूठ उघडली. फ्यूज तळहातात रुतला होता, कडांचे वळ उठले होते. त्यांनी फ्यूजला उलटा हात लावून बघितला. मग म्हणाले, "तुमी जागा सोडली न्हाय." आणि परत, "तुमी जागा सोडली न्हाय, म्याडम. तुमची चूक न्हाय." हे ते पाच-सहा वेळा म्हणाले. मी समोर उभी राहून रडत होते, कारण मला माझी चूक माहीत होती. पण ते माझ्याशी बोलत नव्हते, हेही मला कळत होतं.

डॉक्टर येऊन गेले. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. संध्याकाळी अण्णा अंगणात खाटेवर बसले, मला समोर बसवलं, काकूंना मुद्दाम चहाला आत पाठवलं आणि सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते मऊ होईल.

"हितंच, मुरुमात. एष्टी स्टँडामागं. भर उन्हाळा. तार सैल झाल्ती म्हून म्या डीपीचे तिन्ही फ्यूज काढले आन माझा जोडीदार खांबावर चढला. वर माणूस असला की खालच्यानं डीपी सोडायची नसती. फ्यूज म्या पेटीवर ठिवले. खिशात न्हाय, पेटीवर. ऊन लई व्हतं. समोर गेमचं दुकान. लाईट नव्हती म्हून पोरं आत गप बसल्याली. म्या सावलीला म्हून दारात गेलो. रोज जाता-येता बगायचो म्या ते मशीन. पर खाकी कपड्यातला बाप्या माणूस पोरांत कसा खेळणार? जोडीदार खेळायचा. त्याला लाज नव्हती. त्याच्यावानी दांडा कुणाला फिरवता येत नव्हता. त्या दिवशी मशीन बंद. म्हनलं, बंद मशीनला कोण हसतंय? म्या दांडा धरला. उगंच. डावीकडं, उजवीकडं."

त्यांनी हवेतच दांडा फिरवला. मग म्हणाले, "आन मशीन गायला लागलं."

मशीन गायला लागलं म्हणजे वीज आली, हे मला कळायला वेळ लागला.

"पिठाच्या गिरणीवाला. दळणाला बायांची रांग लागल्याली. त्यानं बघितलं, डीपीपाशी कुणी न्हाय, फ्यूज पेटीवर पडल्यात. घातले. आपल्याकडं फ्यूज कोण घालत न्हाय? गिरणीपासनं काय, डीपीपासनंबी खांब दिसत न्हाय, त्याला काय म्हाईत वर माणूस हाय ते. हिकडं माझ्या हातात दांडा, समोर इमानं, आन पोरं वरडाय लागली, लाईट आली, लाईट आली! आन म्याबी हसलो, म्याडम. पळभर. लाईट आली म्हून मलाबी बरं वाटलं. मग ध्यानात आलं."

जोडीदार खांबावरून फेकला गेला, खाली दगडांच्या ढिगावर. जीव वाचला. जळालेला, चिरडलेला उजवा हात कोपरापासून काढावा लागला. चौकशी झाली तेव्हा अण्णांनी लिहून दिलं, की मी डीपीपाशीच होतो, पाणी प्यायला वळलो तेवढ्यात गिरणीवाल्यानं फ्यूज घातले. त्यावर त्यांची सही आहे. नोकरी राहिली. सोलापूरच्या दवाखान्यात ते एकदा गेले, दारापर्यंत, आणि माघारी आले. जोडीदाराला खात्यानं बसून करायचं काम दिलं, पुढं तो त्याच्या गावी, जळकोटला राहायला गेला. मुरुमहून जळकोट तासाभराचा रस्ता. अण्णा बावीस वर्षांत गेले नव्हते.

"मग हे मशीन कशाला?" मी विचारलं.

"त्याचा डावा हात हाय न्हवं अजून. दांडा फिरंल. बटणाचं काय ते बगतो म्या. त्याला बोलवायचं, खेळवायचं, आन खरं सांगायचं. मोकळ्या हातानं जाऊन काय सांगू, म्याडम?"

त्यांच्या जिवाचा सगळा घोर असा एका लाकडी खोक्यात येऊन बसला होता. मला ते वेडेपणाचं वाटलं, आणि त्याला वेडेपणा म्हणायची मला हिंमतही झाली नाही.

पंधरा दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी मला म्हणाले, "ते पुस्तक काढा. जसं लिवलंय तसं करायचं." मशीन घटकाभर चालवून बंद केलं, फ्यूज काढला, स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला जाड तार बांधली, तारेचं दुसरं टोक मशीनच्या लोखंडी चौकटीला, एक हात पाठीमागं. मला त्यांनी दाराच्या बाहेर उभं केलं. ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवलं तेव्हा तिथं एक बारीक निळी ठिणगी चटकन उडाली. अण्णांनी खाली मान घातली. "वीज ठिवता येती डब्यात," ते म्हणाले. त्यानंतर ते माझं प्रत्येक वाक्य ऐकत आणि परत वाचायला लावत.

संक्रांतीच्या सुमारास काचेवर विमानं आली. हिरवट, थरथरती, पण आली. मशीन चालू झालं की आधी त्याची एक धून वाजायची, चार-पाच सुरांची, पोरकट. ती धून अण्णांना सोसत नसे. खटका वर करायचे आणि लगबगीनं अंगणात जाऊन उभे राहायचे. तिथून विचारायचे, "लागलं का?" मी आतून हो म्हणायचे. ज्यासाठी सहा महिने डोळे फोडले ते चित्र त्यांनी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. उजव्या हाताच्या बटणासाठी त्यांनी शिलाई मशीनचा विजेचा पायटा आणून खाली बसवला. पाय दाबला की विमान गोळी झाडे. तोही मीच दाबून बघायचा.

सगळं झालं. आता फक्त बोलवायचं होतं, आणि ते काही त्यांच्यानं होईना. तीनदा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून जळकोटच्या गाडीला गेले आणि तीनदा भाजी घेऊन परत आले. काकूंनी एक शब्द विचारला नाही. त्यांना माहीत असावं, असं मला तेव्हा वाटलं. शेवटी मीच अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवला आणि अण्णांना न सांगता फोन लावला. मी कोण ते सांगितलं, मशीन बघायला या म्हटलं.

"अण्णा जिता हाय न्हवं?" तिकडून प्रश्न आला.

"हो, बरे आहेत."

"मग त्येनं का न्हाय लावला फोन?"

मी परत मशीनचंच सांगितलं. "येतो ऐतवारी," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले. पहिल्यांदाच. मग चार दिवस जेवणात लक्ष नाही, रात्री झोप नाही. शनिवारी त्यांनी मशीन परत उघडलं, सगळ्या खांबांवरून गस्त घातली, परत बंद केलं. रविवारी सकाळी सात वाजल्यापासून ते ओट्यावर बसून होते. मी शेजारी बसले तर म्हणाले, "सांगताना माझी जीब लुळी पडली तर तुमी सांगाल का?" मी नाही म्हटलं. ते माझं काम नव्हतं.

अकराच्या गाडीनं जोडीदार आले. वाळके, पांढरी टोपी, उजवी बाही दुमडून खांद्याशी टाचणीनं टाचलेली. अण्णांनी उठून "ये" म्हटलं. तेवढंच. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला. दोघं खाटेच्या दोन टोकांना बसून सोयाबीनबद्दल बोलले, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले. मला वाटत होतं, आत्ता सांगतील, आत्ता सांगतील. मग जोडीदारच म्हणाले, "दावा की काय मशीन केलंय ते."

मागच्या खोलीत अण्णांनी खटका वर केला आणि सवयीनं बाहेर निघून गेले. धून वाजली. विमानं आली. जोडीदारांनी काच बघितली, फळी बघितली, खाली वाकून पायटा बघितला. पायाच्या अंगठ्यानं तो हळूच दाबला. विमानानं गोळी झाडली. वाकूनच त्यांनी तो परत एकदा दाबला. मी दाराशी उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"अण्णा," त्यांनी हाक मारली. "बाहीर का? आत या."

अण्णा आत आले. धून परत परत वाजत होती. भिंतीला हात टेकवून ते उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "म्या डीपीपाशी नव्हतो."

"म्हाईत हाय," जोडीदार म्हणाले.

"न्हाय, तुला म्हाईत न्हाय. म्या कागदावर खोटं लिवून दिलं. म्या दुकानात—"

"खांबावरनं दुकानाचं दार सरळ दिसत व्हतं, अण्णा."

सगळी हयात खांबांवर काढलेल्या माणसानं बावीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता, की त्या खांबावरून काय काय दिसत असेल.

जोडीदार मशीनकडे बघतच बोलत होते. "दांडा धरून हुबा व्हता तुमी. बंद मशीनचा. डावीकडं, उजवीकडं, शाळेतल्या पोरावानी. म्या वर हसत व्हतो. म्हनलं, खाली उतरलो की अण्णाला असा चिडवतो, असा चिडवतो, की खाकी सोडून पळाला पायजे. ते ऱ्हाऊनच गेलं."

"आन साहेबाला तू..."

"दवाखान्यात आलता साहेब. इचारलं, खालचा माणूस कुठं व्हता. म्या म्हनलं, डीपीपाशी. तुमची पोरं ल्हान व्हती. सही जमंना म्हून डावा अंगठा घेतला माझा."

अण्णा भिंतीवरून घसरत खाली बसले. जोडीदारांनी आत्ता पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"राग हाय माझा. न्हाय आसं न्हाय. हाताचा न्हाय. दवाखान्याच्या दारात तुमची खाकी दिसली मला, आन मग पाठ दिसली. त्याचा हाय. मशीन कशाला केलंव? नुसतं यायचं व्हतं."

बाहेर काकूंची भांडी वाजत होती. जोडीदारांनी पायानं स्टूल मशीनपुढं सरकवलं. "उठा. बसा हितं. खेळा. म्या बगतो."

अण्णांनी मान हलवली. "मला येत न्हाय."

"म्हाईत हाय मला. बसा."

अण्णा उठले, बसले, दांडा धरला. पहिलं विमान उडालं आणि पाचव्या सेकंदाला पडलं. दुसरं थेट समोरच्या विमानावर जाऊन आदळलं. तिसऱ्याच्या वेळी ते पायटा दाबायचाच विसरले. खेळ संपला.

"ह्यॅ!" जोडीदार ओरडले. "काय अण्णा! माकडावानी खांबावर चढणारा गडी, आन काचेवरचं इमान उडवता येईना व्हय तुमाला? पोरं बरी की तुमच्यापरीस! बंद मशीनवर लई भारी खेळत व्हता की, आता काय झालं?" ते बोलतच सुटले. आवाज चढत गेला, चिरकत गेला. एवढे बोलले, की काकूंना वाटलं भांडण लागलं, म्हणून त्या ओले हात पदराला पुसत धावत आल्या. दाराशी येऊन थबकल्या.

अण्णा दांडा घट्ट धरून रडत होते आणि म्हणत होते, "आणिक बोल. आणिक बोल."